रंग न देता जुनी गाडी चालती करायची आहे: पॅटिना राखून दुरुस्ती कशी करावी?

तिसरा_गिअर

गाडी १९३० च्या दशकातली, लाकडी चौकटीवर पत्र्याची बॉडी. वर मरून रंग, मडगार्ड काळे. बॉनेट आणि छतावरचा रंग खडूसारखा झालाय, मडगार्डच्या कडांना तांबडा प्रायमर डोकावतो, दारांच्या खालच्या वीतभर पट्टीत रंग जाऊन तपकिरी गंज धरलाय. दोनतीन ठिकाणी पत्रा आरपार. इंजिन जाम. ब्रेक हायड्रॉलिक आहेत, पण पेडल थेट तळाला टेकतं.

गाडी रस्त्यावर चालली पाहिजे, पण अंगावरचा काळाने चढलेला रंग, म्हणजे पॅटिना, आहे तसा राहिला पाहिजे. प्रश्न असे:

१. सुरुवात कुठून करू?
२. धुवायची कशाने?
३. गंज थांबवायचा पण त्याचा रंग घालवायचा नाही, हे जमतं का?
४. शेवटी वरून मॅट क्लिअर कोट (बिनचमकीचा पारदर्शक थर) मारतात असं वाचलं. मारावा का?

रंगारी

चौथ्याचं उत्तर आधी: नको. कारण पुढे लिहितो.

सुरुवात रंग ओळखण्यापासून. नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर आला १९२३-२४ च्या सुमारास, त्याआधी बहुतेक तेलाचं व्हार्निश असे. १९३० च्या दशकात कुठे लॅकर, कुठे भट्टीत भाजलेलं एनॅमल, आणि एकाच गाडीत बॉडीला लॅकर अन् मडगार्डला एनॅमल असंही सापडतं. तुमच्याकडे मडगार्ड वेगळ्या रंगाचे आहेत, म्हणजे दोन्हींची स्वतंत्र चाचणी हवी.

डिकीच्या झाकणाच्या आतली बाजू किंवा मडगार्डची आत वळलेली कड घ्या. लॅकर थिनरमध्ये कापसाचा बोळा भिजवून, पिळून, दहा सेकंद टेकवा. बोळ्यावर रंग भसाभस उतरला तर लॅकर. रंग सुरकुतला किंवा फुगला तर एनॅमल. काहीच झालं नाही तर बहुतेक नंतर कुणीतरी टू-के (दोन घटक मिसळून कडक होणारा) रंग मारलाय आणि तुम्ही ज्याला मूळ म्हणताय ते मूळ नाही. (नीट भाजलेलं जुनं एनॅमलही कधी कधी दाद देत नाही, म्हणून दोनतीन जागी बघा.)

सोबत जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर प्रत्येक पॅनलवर आठदहा जागी मोजा आणि खडूने नाही, कागदावर नकाशा काढून आकडे लिहा. शंभर-दीडशे मायक्रॉन आले तर बहुधा कारखान्यातला थर. तीनशेच्या वर गेले तर पुन्हा रंगवलेलं. हजाराच्या वर म्हणजे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. जिथे आकडा चाळीसच्या खाली, तिथे चुकूनही काही घासायचं नाही.

डिस्टिल्ड

रंगारींशी सहमत. भर घालतो: धुण्याआधी फोटो. प्रत्येक पॅनल समोरून, आणि मग दिवा एका बाजूने अगदी तिरका धरून. तिरक्या उजेडात सुटलेले पापुद्रे उभे दिसतात, समोरून कळतही नाहीत.

सुटलेला पापुद्रा धुण्याआधी चिकटवायचा, नाहीतर पाण्याबरोबर गेला. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ (एक पारदर्शक राळ) वापरतात, पण ते बहुतेक जण अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवतात आणि लॅकरवर अ‍ॅसिटोन म्हणजे संपलं. टोल्युईनमध्ये ५ टक्के द्रावण करा (१०० मिलीत ५ ग्रॅम), तेही आधी लपलेल्या जागी तपासून. बारीक कुंचल्याने पापुद्र्याच्या कडेला थेंब टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो. मिनिटभराने सिलिकॉन लावलेला कागद ठेवून बोटाने हलकं दाबायचं. खिडक्या उघड्या, सेंद्रिय बाष्पाचं फिल्टर असलेला मास्क. धुळीचा साधा मास्क इथे काही कामाचा नाही.

मग धुणं. प्रेशर वॉशर नाही. क्ले बार (रंगावरची घाण ओढून काढणारी मातीची वडी) नाही, तो पापुद्रे उचलतो. कोरडी धूळ आधी मऊ कुंचल्याने उडवून व्हॅक्यूमच्या तोंडाशी न्यायची. नंतर डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी, लिटरमागे पाचेक मिली उदासीन पीएचचा शाम्पू. हातभर जागा एका वेळी. स्पंज घासायचा नाही, टेकवून उचलायचा. तेलकट चिकटा राहिला तर बोळ्यावर व्हाइट स्पिरिट. लाकडी चौकट असल्यामुळे पाणी ओतायचं नाहीच; दाराच्या फटीतून आत गेलेलं पाणी चौकटीत महिना-महिना बसून राहतं आणि पत्र्याला आतून खातं.

पाना_बारा

पुसताना कपड्यावर मरून रंग आला की लोक खूश होतात, "घाण निघतेय". ती घाण नाही, तो तुमचा रंग आहे. उन्हाने बाइंडर (रंगद्रव्याला धरून ठेवणारा भाग) मेला की रंगद्रव्य सुटं पडतं, तेच खडूसारखं दिसतं. तुम्ही दर फडक्यासरशी गाडी उतरवताय.

आता पाने-बोल्टकडे. सगळ्यात जास्त पॅटिना इंजिन खोलताना जातो, रंगकामात नाही. बोल्टचं डोकं आणि पत्रा यांवर एकच अखंड रंग असतो. पाना फिरवला की तो रंग वाटेल तसा तडकतो आणि नाण्याएवढा तुकडा उडतो. म्हणून आधी सर्जिकल ब्लेडने बोल्टभोवती रंग कापून घ्यायचा, अगदी धातूपर्यंत. मग पेनिट्रेटिंग ऑइल (जाम सांध्यात झिरपणारं तेल). पण डोक्यावर फवारायचं नाही, ते वाहत जाऊन लॅकरवर डाग पाडतं. मागच्या बाजूने नटाला, इंजेक्शनच्या सुईने, दोन थेंब. दुसऱ्या दिवशी परत. जाम असेल तर ज्वाळेची टॉर्च नाही, इंडक्शन हीटर. तोही दोन-तीन सेकंद, थांबा, परत.

पान्याच्या जबड्याला आतून पातळ चामडं किंवा दोन पदर कापडी टेप. आणि तोच बोल्ट त्याच भोकात परत गेला पाहिजे. स्क्रूची खाचसुद्धा ज्या कोनात होती त्याच कोनात. म्हणून एका भोकाची एक पिशवी, वर चिठ्ठी. नवा चकचकीत बोल्ट जुन्या मडगार्डवर दातात सोनं भरल्यासारखा दिसतो.

हँडब्रेक

वाचनखूण साठवली. मास्किंग टेपबद्दलही लिहा कुणीतरी.

रंगारी

मास्किंग टेप जुन्या लॅकरवर नाहीच. लावताना काही होत नाही, काढताना रंग घेऊन येतो. झाकायला ओल्या टिश्यूचे थर किंवा पातळ चुंबकी पत्रे, तेही सपाट आणि घट्ट रंगावरच. टेप लावावीच लागली तर कमी चिकटीची, आधी कापडावर दोनदा चिकटवून तिचा जोर मारलेली, आणि तासाभरात काढायची. काढताना केस वाळवायच्या यंत्राने कोमट करून, पृष्ठभागालगत मागे ओढत.

कार्बोरेटर

इंजिन आणि ब्रेक माझ्याकडे.

जाम इंजिनाला सगळीकडे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे असं सांगतात. काम करतं, पण तुमच्या बॉनेटखाली नको. प्लग काढलेल्या भोकांतून पहिल्यांदा क्रँक फिरली की आतलं सगळं पिचकारीसारखं बाहेर येतं आणि मडगार्डवर पडतं. लॅकरवर अ‍ॅसिटोनचा थेंब पडला की जागच्या जागी खड्डा. त्याऐवजी एटीएफ आणि डिझेल निम्मे-निम्मे, दर सिलिंडरला १५-२० मिली, आठ-दहा दिवस, मधूनमधून भर घालत. सावकाश होतं, पण डागाची भीती कमी. भोकांवर चिंध्या, मडगार्डवर जुनी चादर आणि तिच्यावर प्लॅस्टिक. नुसतं प्लॅस्टिक नको, ते वाऱ्याने सरकून घासतं.

फिरवायचं ते क्रँकच्या नटावर लांब पाना लावून, थोडं इकडे थोडं तिकडे. टो करून किंवा स्टार्टरने हिसका द्यायचा नाही. त्याआधी झाकण काढून व्हॉल्व्ह बघा. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह असताना जोर लावला तर काहीतरी वाकणार किंवा तुटणार. फिरलं तरी लगेच सुरू करू नका, चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवा. तळाशी खरवडून काढावा लागेल असा गाळ असतो, आणि आजचं डिटर्जंट असलेलं तेल तो गाळ सोडवून थेट ऑइल पंपाच्या जाळीवर नेऊन बसवतं. तेलाचा दाब गेला की बॅबिटचे (मऊ मिश्रधातूचे) बेअरिंग काही मिनिटांत जातात.

ब्रेकमध्ये जुनेपणाचा मान राखायचा नाही. चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, सगळे रबरी होज नवे किंवा नव्याने बांधलेले. सिलिंडरच्या भिंतीला खड्डे असतील तर होन करून (आतून घासून) भागत नाही, पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह बसवून घ्या. पाइप ४.७५ मिमी कॉपर-निकेलचे, टोकाला दुहेरी फ्लेअर. होज बाहेरून ठीक दिसला तरी आतून फुगून वाट बंद करतो. पेडल सोडल्यावरही चाक धरून राहिलं की समजायचं. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असणार असं धरून चाला. ड्रमला हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत बंद करायचं.

आणि ज्यासाठी हे इथे लिहितोय ते: ब्रेक ऑइलमधली डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकोलची तेलं रंग सोडवतात. थेंब पडला तर पुसू नका. पुसलं की मऊ झालेला रंग फडक्यावर येतो. भरपूर पाणी ओता, लाकूडबिकूड त्या क्षणी विसरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, रंगाला काही करत नाही. पण ते ग्लायकोलमध्ये मिसळत नाही, म्हणून सगळं रबर नवं आणि पाइप कोरडे असतील तरच. त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. भरताना बाटली हलवू नका, ब्लीडिंग (पाइपांतली हवा काढणं) संथ करा, आणि पेडल किंचित मऊ लागेल हे गृहीत धरा. तुम्ही तसंही सगळं नवं करताय, मी डॉट ५ घेतलं असतं. नळ्यांवर चिठ्ठी मात्र लावा, पुढच्या मेकॅनिकने वरून डॉट ४ ओतलं की बसलीच पंचाईत.

तिसरा_गिअर

५ आणि ५.१ एकच समजत होतो. बरं झालं विचारलं. आता गंज?

डिस्टिल्ड

गंज दोन प्रकारचा, आणि कुठला ते न बघता उपाय केला तर फसतं.

एक, जुना, घट्ट, गडद तपकिरी, बोटाला लागत नाही. हा बऱ्यापैकी शांत असतो. दुसरा नारिंगी, भुकटी पडणारा, दमट दिवसांत त्यावर बारीक थेंब दिसतात. हा जिवंत. त्यात बहुधा क्लोराइड असतं, म्हणजे मीठ, आणि क्लोराइड आत असेपर्यंत वरून काहीही लावा, गंज खालून चालूच राहतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं, म्हणून शेजारचा धड रंगही तो उचकटत जातो.

क्लोराइड काढायचं पाण्यानेच: डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला टिश्यूचा लगदा त्या पट्टीवर थापायचा, वाळायच्या आत काढायचा, नवा थापायचा. काढलेल्या लगद्यातलं पाणी पिळून त्यात पातळ नायट्रिक अ‍ॅसिडचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पांढरट ढग आला तर अजून मीठ आहे. ढग येणं थांबेपर्यंत लगदे. त्यानंतर लगेच कोमट हवेने वाळवा.

टॅनिक अ‍ॅसिडचे किंवा फॉस्फरिक अ‍ॅसिडचे "रस्ट कन्व्हर्टर" दिसणाऱ्या भागावर नको. टॅनिकवाला गंजाला निळसर काळं करतो, फॉस्फरिकवाला करडं-काळं. तपकिरी परत येत नाही. चासी, फ्लोअरखालची बाजू, दाराची आतली पोकळी इथे खुशाल.

पत्राकाम

ऑक्झॅलिक अ‍ॅसिड राहिलं. गंज वाहून रंगावर जे तांबूस ओघळ येतात, खालचा रंग धड असतो, त्यासाठी ते उत्तम. एक लिटर कोमट डिस्टिल्ड पाण्यात २० ग्रॅम, बोळ्याने फक्त ओघळावर, दहा मिनिटं, मग धुवून लिटरला १० ग्रॅम खायचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसायचं, परत साधं डिस्टिल्ड. नळाचं जड पाणी वापरलं तर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा थर बसतो आणि तो सहज निघत नाही. विषारी आहे, हातमोजे घाला. उघड्या गंजलेल्या पत्र्यावर लावू नका, पांढराफटक पत्रा निघेल आणि तासाभरात त्यावर नारिंगी कोवळा गंज येईल.

इलेक्ट्रोलिसिस (पाण्यात वीज सोडून गंज काढणं) कुणी सुचवायच्या आत सांगतो: सुट्या, बिनरंगाच्या लोखंडी भागांनाच. रंग सोलून निघतो, अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, स्प्रिंगसारखं कडक पोलाद ठिसूळ होतं. आणि अ‍ॅनोडला (धन टोकाला) स्टेनलेस कधीच नाही, घातक क्रोमियम पाण्यात उतरतं.

भोकांबद्दल. दाराच्या तळाला वेल्डिंग करायचं तर आधी आतलं लाकूड सोडवून बाजूला काढा किंवा ओल्या कापडाआड झाका. चौकट आतल्या आत धुमसत राहते, काम संपल्यावर तासभर गाडीजवळून हलायचं नाही. जोडांवर शिशाचं सोल्डर भरलेलं असेल तर ते दोनशे अंशांच्या आसपासच ओघळतं, तेही बघून ठेवा.

ठिगळ ०.९ किंवा १ मिमी पत्र्याचं, भोकाच्या आकाराला घासून घासून जुळवलेलं, फट अर्ध्या मिमीपेक्षा कमी. कोपरे गोल. टिग वेल्डिंग, एक मिमीला ४० अँपिअरच्या आत. मागे तांब्याची पट्टी, पुढे रंगाच्या कडेला उष्णता शोषणारी पेस्ट. दर २५ मिमीवर टाका, लागोपाठ शेजारी नाही, एक इथे तर पुढचा समोर. टाका मारला की हाताने पत्रा कोमट लागेपर्यंत थांबा. एवढं करूनही जोडाच्या दोन्ही अंगांना दीड-दोन सेमी रंग जळतोच. हे आधीच मान्य करून जोड कुठे घ्यायचा ते ठरवा: घडीवर, मोल्डिंगच्या खाली, मुळात रंग गेलेला आहे तिथे.

रंग जाळायचाच नसेल आणि भोक छोटं, भार न घेणारं असेल तर आतून पत्र्याची पट्टी टू-पार्ट इपॉक्सी पॅनल अ‍ॅडहेसिव्हने. आतली बाजू चमकेपर्यंत घासून, अ‍ॅसिटोनने पुसून (आतून आहे, तरी बाहेर ओघळू देऊ नका), गोंदाचा थर पाव ते अर्धा मिमी. फार आवळलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो. बाहेरून भोकाची झिजलेली कड तशीच दिसते. काढायचं म्हटलं तर मात्र दोनशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं, म्हणजे परत रंग जळणार. तेव्हा "उलटवता येतं" असं म्हणून फसू नका.

पोचे ओढण्यासाठी गोंदाचे टॅब लावतात ना, तेही नकोत. टॅबबरोबर लॅकरची चकती निघते. जुना लॅकर ठिसूळ, पोचा वर आला तरी तडे जातात. पोचा राहू द्या.

हँडब्रेक

ठिगळाला जुनं दिसवायला पेरॉक्साइड + व्हिनेगर + मीठ फवारतात. तासाभरात मस्त गंज येतो.

डिस्टिल्ड

येतो खरा. आणि आपण वर लगदे थापून जे मीठ काढलं तेच परत घालतो. दोनतीन वर्षांनी ठिगळाच्या कडेने शेजारचा मूळ रंग उचलला जातो. खोटा गंज हवाच कशाला, रंगाने काढा ना.

रंगारी

क्रम असा: ठिगळावर इपॉक्सी प्रायमर. त्यावर तांबड्या प्रायमरच्या रंगाचा पातळ हात. त्यावर सिंगल-स्टेज (वरून क्लिअर कोट न लागणारा) मरून, शेजारच्यापेक्षा अर्धी छटा फिका. पूर्ण वाळल्यावर ८०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून, जिथे खरंच झीज होते तिथेच घासा: कडेला, हात लागतो तिथे, पाणी ओघळतं त्या रेषेत. मध्येच गोल घासलेलं लगेच ओळखू येतं. झीज वरून खाली जाते, ढगांसारखी पसरत नाही. जुन्या रंगाला पेपर लावायचा नाही. आधीचे प्रायमर शिशाचे असू शकतात, त्यामुळे नव्या-जुन्याच्या सीमेवर जे काय घासाल ते ओलंच, मास्क लावून.

गंजाची छटा शेवटी, सुक्या रंगद्रव्यांनी: बर्न्ट सायेना, रॉ अंबर, थोडं यलो ऑकर, मेणात कालवून कुंचल्याने टिपके. चुकलं तर व्हाइट स्पिरिटने पुसा, परत करा. जुळणी ढगाळ दिवशी बाहेर उभं राहून बघा, ट्यूबलाइटखाली नाही. आणि छटेआधी चमक जुळवा. रंग चुकलेला नजर माफ करते, चमक चुकलेली नाही.

ठिगळाच्या आतल्या बाजूला तारीख कोरून ठेवा. फिवा या जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची ट्यूरिन सनद (२०१३) हेच सांगते: बदललेले भाग नंतर ओळखता यावेत, खूण ठळक नको पण कायमची हवी.

आता क्लिअर कोट. तो धरायला खाली खरखरीत पण घट्ट पृष्ठभाग लागतो. तुमच्याकडे एकीकडे सुटी भुकटी, दुसरीकडे गंज. घासल्याशिवाय धरत नाही आणि घासलं तर ज्यासाठी चाललंय तेच गेलं. त्यातलं थिनर लॅकरला सुरकुत्या पाडतं. गंजात राहिलेला ओलावा आत कोंडला जातो, कोटाखाली दोऱ्यासारख्या रेषा पसरतात, आणि मग कोट पापुद्र्यासकट, म्हणजे रंगासकट, सुटतो.

पाना_बारा

उकळलेलं जवसाचं तेल निम्म्या टर्पेंटाइनमध्ये? खूप जण लावतात.

रंगारी

पहिलं वर्ष फार सुंदर दिसतं. मग पिवळं पडतं, धूळ धरतं, आणि एकदा कडक झालं की काढायला जे द्रावण लागतं ते लॅकरही नेतं. चासीला चालेल. चिंध्या मात्र गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा सुट्या पसरून वाळवा.

बॉडीला मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात संग्रहालयातल्या वस्तूंसाठी असंच एक बनवलं गेलं, ते रेनेसान्स वॅक्स या नावाने मिळतं. पत्रा ३५-४० अंशांपर्यंत कोमट करा, हाताला सुखावेल इतपतच. गंजावर मऊ कुंचल्याने, घट्ट रंगावर कापडाने, नखावर मावेल एवढ्याच मेणात हातभर जागा. काही मिनिटांनी हलकं पुसा. सहा महिन्यांनी परत. एक गोष्ट: खडू झालेला रंग मेणाने गडद होतो. बॉनेटचा पांढुरकेपणाच हवा असेल तर तिथे लावू नका, तिथला रंग फक्त झाकणीने आणि सावलीने टिकवा. मला विचाराल तर बॉनेटला मेण लावा. पाऊस लागणाऱ्या गाडीवर सुटी भुकटी फार दिवस टिकत नाही.

पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स, पण दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं आधी तारेने मोकळी करून.

तिसरा_गिअर

आणि ठेवायची कशी? झाकण प्लॅस्टिकचं आहे सध्या.

डिस्टिल्ड

आजच काढा. खालची जमीन दमट असते, रात्री प्लॅस्टिकच्या आतून पाणी सुटतं. आत फ्लॅनेल असलेलं सुती, हवा खेळणारं झाकण घ्या आणि ते ओढत घालायचं नाही, दोघांनी दोन टोकं धरून वरून सोडायचं. नाहीतर बॉनेटचा खडू झाकणावर. आर्द्रता ४५-५० टक्के. त्याहून खाली नेली तर गंज आणखी मंदावेल, पण लाकडी चौकट आक्रसून जोड ढिले होतात आणि सीटचं चामडं तडकतं. आर्द्रतामापक भिंतीवर नको, गाडीच्या आत, फ्लोअरवर ठेवा. दोन्हींच्या आकड्यांत बराच फरक दिसेल.